पाचशे-सहाशे डॉलरात ठासणीची रायफल: किट कुठलं घ्यावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेनसिल्व्हेनियात राहता, गॅरेज आहे, सुतारकामाचा थोडा हात आहे, पण बंदूक कधी जोडलेली नाही. पाचशे-सहाशे डॉलरात ठासणीच्या रायफलीचं किट घ्यायचंय, तेही भिंतीवर टांगायला नाही, उडवायला. चकमकीची (गारगोटीच्या ठिणगीने पेटणारी) घ्यावी की टोपीची (घोडा आपटल्यावर पेटणाऱ्या छोट्या स्फोटक टोपीची)? आणि ट्रॅडिशन्स कंपनीचं लांब नळीचं केंटकी किट दिसायला झकास आहे, ते घेऊ का?

आधी उत्तर देतो. टोपीची घ्या, .५० कॅलिबरची (नळी आतून अर्धा इंच), आणि केंटकीऐवजी त्याच कंपनीचं सेंट लुईस हॉकन किट घ्या. वीसेक वर्षांत मी स्वतःच्या चार आणि मित्रांच्या आठ-दहा रायफली जोडल्या असतील. त्या अनुभवावरून सांगतो, पहिल्या किटमध्ये माणूस लाकडाच्या आणि लांबीच्या प्रेमात पडतो आणि लॉककडे, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेकडे, बघतच नाही. लाकूड वाईट असलं तरी तासता येतं, रंगवता येतं, निदान डोळेझाक तरी करता येते. लॉक वाईट असेल तर मात्र बारच उडत नाही.

माझीच गोष्ट सांगतो. रत्नागिरीकडे आमच्या आजोबांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती, डुकरं आणि वानरं हाकायला. ती माझ्या डोक्यात होती. इकडे आल्यावर एका मेळ्यात लांबलचक, चकमकीची, न जोडलेली किट स्वस्तात दिसली आणि घेऊन टाकली. दोन महिने रात्री जागून जोडली. रेंजवर नेली, रंजक, म्हणजे लॉकच्या वाटीतली पेटवणीची दारू, भरलं, चाप ओढला. खट्. पुन्हा खट्. तिसऱ्या वेळी वाटीतलं रंजक भक्कन पेटलं, डोळ्यांसमोर धूर, पण नळीतला बार जागेवर. आपण बोलताना ‘फुसका बार’ म्हणतो ना, तो अक्षरशः हा. त्या दिवशी तीनात एक या हिशोबाने बार निघाले. शेजारच्या बाकावरचे म्हातारबुवा शेवटी उठून आले. माझ्या लॉकच्या फ्रिझनवर, म्हणजे गारगोटी जिच्यावर आपटते त्या पोलादी पट्टीवर, त्यांनी कानशीची कड हलकेच फिरवली. कानस घसरायला हवी होती, ती चावली. पट्टी मऊ होती, नीट पाणी दिलेलं नव्हतं. मऊ पोलादाच्या ठिणग्या कशा पडणार?

स्वस्तातल्या प्रत्येक चकमकीच्या रायफलीत हा दोष असतो असं नाही. या किमतीच्या चकमकी चालवणारे शिकारी तुमच्याच राज्यात भरपूर आहेत. पण त्यातला जवळजवळ प्रत्येक जण तुम्हाला सांगेल की लॉक उघडून आतले भाग घासावे लागले, स्प्रिंगचा ताण बघावा लागला, गारगोटी बदलून चामड्यात नीट बसवावी लागली, कान मोठा करावा लागला. कान म्हणजे नळीच्या बाजूचं ते बारीक भोक, ज्यातून रंजकाची आग आत जाते. साधारण एक षोडशांश इंचाचं असतं ते. हे सगळं शिकण्यासारखंच आहे. पण पहिल्या रायफलीत दस्ता, म्हणजे बंदुकीचं लाकूड, बसवायला शिकायचं, नेमबाजी शिकायची आणि लॉकही दुरुस्त करायचं, असं तिन्ही एकदम घेतलं तर बार न उडाल्यावर चूक कुठे झाली तेच कळत नाही. टोपीच्या लॉकमध्ये घोडा टोपीवर आपटतो आणि आग सरळ आत जाते. बिघडायला जागाच कमी.

आता तुम्ही पेनसिल्व्हेनियाचे, म्हणून एक अडचण. तुमच्याकडे नाताळ झाल्यावर हरणाचा जो उशिराचा हंगाम असतो, तो फक्त चकमकीच्या बंदुकीचा. टोपीची चालत नाही. .४४ किंवा त्याहून मोठं कॅलिबर हवं, नेम धरायला साधी लोखंडी माशी हवी, दुर्बीण नको. त्या बर्फात चकमकीची रायफल घेऊन बसायचं हेच तुमचं खरं स्वप्न असेल, तर माझा सल्ला पूर्ण उलटा होतो: आत्ता काहीच घेऊ नका, वर्षभर पैसे साठवा आणि चांगल्या लॉकचं किट घ्या. त्याबद्दल पुढे लिहितो. पण ऑक्टोबरात ठासणीवाल्यांचा जो मादी हरणांचा हंगाम असतो त्यात टोपीची चालते, आणि कागदावर, लोखंडी पत्र्यांवर नेम धरायला तर काहीच बंधन नाही. पहिली दोन वर्षं तुम्ही तेच करणार आहात.

हॉकनच का? मूळचे हॉकन बंधू, जेकब आणि सॅम्युएल, सेंट लुईसचे बंदूक बनवणारे. डोंगरात बीव्हर हा प्राणी कातड्यासाठी पकडायला जाणाऱ्यांसाठी आखूड, जाड नळीच्या, दणकट रायफली बनवायचे. आजच्या किटचं त्यांच्या मूळ बंदुकीशी नातं दूरच्या चुलतभावाइतकंच आहे, आणि जाणकार मंडळी त्यावरून नाकं मुरडतात. मुरडू द्या. आपल्याला त्यातल्या तीन गोष्टी हव्यात. पहिली, दस्ता अर्धा आणि अखंड. लांब केंटकी किटमध्ये दस्ता दोन तुकड्यांत येतो आणि मधे पितळेचा सांधा असतो. तो सांधा सरळ रेषेत बसवणं हे नवशिक्याचं सर्वांत मोठं डोकं फिरवणारं काम. दुसरी, नळी. हॉकनची नळी २८ इंचाची आणि आतला पीळ, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, ४८ इंचात एक वेढा. केंटकीची साडेतेहतीस इंच आणि ६६ इंचात एक. फडक्यात गुंडाळलेल्या गोल गोळीला सावकाश पीळ मानवतो, त्या हिशोबाने केंटकीचा पीळ जास्त बरोबर. पण ४८ चा पीळ मध्यम बाराला गोल गोळीही चांगली टाकतो आणि उद्या लांबट गोळी घालून बघायची हौस आली तर तीही चालते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि जाहिरातीत सर्वांत कमी दिसणारी. हॉकनच्या नळीला मागे आकडा असतो. नळी अडकवणारी पाचर काढली की ती दस्त्यातून वर उचलून वेगळी होते. बादलीत कोमट पाणी घ्यायचं, नळीचं मागचं टोक त्यात बुडवायचं, गजाला, म्हणजे गोळी ठासायच्या लांब दांड्याला, चिंधी लावून पिचकारीसारखं खाली-वर करायचं. दहा मिनिटांत स्वच्छ. केंटकीची नळी खिळ्यांनी अडकवलेली असते. दर वेळी खिळे काढत बसलात तर लाकडातली भोकं सैल होतात, म्हणून ती जागेवरच धुवावी लागते आणि काळं पाणी दस्त्याच्या फटीत झिरपतं. काळी दारू उडवली की त्याच दिवशी धुणं आलंच, त्यात सवलत नाही. धुणं जितकं सोपं, तितक्या वेळा तुम्ही रेंजवर जाल.

किंमत दुकानागणिक आणि महिन्यागणिक बदलते, पण हे किट साधारण तुमच्या बजेटच्या आत बसतं आणि थोडे पैसे उरतात. ते उरायलाच हवेत. कारण नुसत्या रायफलीने काही होत नाही: दारू, मोजायचं माप, गोळ्या, फडकी, अकरा नंबरच्या टोप्या, निपलचा, म्हणजे टोपी बसते त्या बोंडीचा, पाना, गोळी नळीच्या तोंडात ढकलायचा आखूड दांडा, गजाला लावायची चिंधीची टोकं, आणि अडकलेली गोळी ओढून काढायचा स्क्रू. तो शेवटचा स्क्रू पहिल्याच दिवशी लागेल. प्रत्येक जण एकदा तरी दारू घालायला विसरून नुसती गोळी ठासतो. मी तीनदा विसरलोय. या सगळ्याला दीड-दोनशे डॉलर धरा.

जुन्यातही माल आहे. लायमनची ग्रेट प्लेन्स रायफल इटलीत इन्व्हेस्टार्मकडे बनायची. ३२ इंचाची नळी, ६० इंचात एक पीळ, गोल गोळीला अगदी योग्य. नवीन आता सहज मिळत नाही, पण कोणीतरी पंधरा वर्षांपूर्वी हौसेने घेतलेली आणि बायकोने माळ्यावर ढकललेली न जोडलेली पेटी अधूनमधून विकायला येते. रास्त भावात दिसली तर माझं हॉकनबद्दलचं सगळं बोलणं विसरा आणि ती उचला. इटलीचीच पेडरसोली आणखी सुबक, पण महाग. एक मात्र करा. जुनी बंदूक हातात घेतली, जोडलेली असो वा अर्धवट, की आधी गज तोंडातून तळापर्यंत घाला, तोंडाशी बोटाने खूण धरा, बाहेर काढा आणि नळीला बाहेरून लावून बघा. गजाचं टोक निपलच्या किंवा कानाच्या जागेपर्यंत पोचायला हवं. दोन-तीन बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत बार आहे. आजोबांच्या काळातला भरलेला बार नातवाच्या हातात उडाल्याच्या गोष्टी अमेरिकेतही आहेत आणि कोकणातही.

आता ते साठवून घ्यायचं किट. ओहायोतल्या जिम किबलर यांनी या धंद्यात उलथापालथ केली. संगणकावर चालणाऱ्या यंत्राने दस्ता इतका अचूक कोरतात की लॉक नुसतं दाबलं तरी जागेवर बसतं. सदर्न माउंटन, कलोनियल, वुड्सरनर अशा त्यांच्या रायफली आहेत, सगळ्या चकमकीच्या, आणि लॉक असं की अंधारात ठिणग्यांचा झुबका दिसतो. किंमत हजार डॉलरच्या वर. विचित्र वाटेल, पण नवशिक्याला जोडायला महागडं किट स्वस्तातल्यापेक्षा सोपं असतं. स्वस्त किटमध्ये वाचवलेले पैसे तुम्ही घामाने फेडता. घामच हवा असेल तर स्वस्त घ्या. मला तो हवा होता.

जोडायला सुरुवात कराल तेव्हा पहिले दोन दिवस काहीच तासू नका. सगळे भाग मांडा, कागदाशी ताडून बघा, स्क्रूच्या खाचेत नेमके बसणारे पेचकस करून घ्या. स्वस्त किटमधले स्क्रू मऊ असतात, एकदा खाच गेली की गेली. ब्रीच प्लग, म्हणजे नळीचा मागचा बूच, त्याला हात लावायचा नाही. स्पेन आणि इटलीहून येणाऱ्या नळ्या तिथे सरकारी नियमाने जास्तीचा बार भरून तपासलेल्या असतात, त्याचा शिक्का नळीवर दिसेल. बूच उघडलात तर तो भरवसा संपला.

मग लॉक दस्त्यात बसवायचं. पुस्तकांत यासाठी काळा रंग विकत घ्यायला सांगतात. मी निरांजन वापरतो. देवघरातलं नाही, वेगळं ठेवलंय, त्यावरून आमच्या घरात एकदा बोलणं झालेलं आहे. आजी वाटीवर काजळ धरायची ना, तसंच लॉकची पट्टी तेलाच्या वातीवर तिरकी धरायची. मखमलीसारखी काजळी बसते. स्प्रिंग आधी काढून घ्यायची, आच लागू द्यायची नाही. पट्टी खाचेत सरळ ठेवायची, लाकडी मुठीने एकदाच ठोकायची, सरळ वर उचलायची. लाकडात जिथे काळा ठिपका उमटला तिथे धातू अडतोय. तेवढाच ठिपका पाव इंची पटाशीने खरवडायचा. कापायचा नाही, खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा ठोका. तिसाव्या फेरीला ठिपके विखुरतात आणि खाचेच्या तळभर बारीक बारीक काळं दिसायला लागतं, तेव्हा बसलं. घाई करणारा सहाव्या फेरीला मोठी पटाशी घेतो आणि लॉकभोवती अशी फट पाडतो की पुढे आयुष्यभर पाहुण्यांना रायफलीची दुसरीच बाजू दाखवावी लागते.

पॉलिश पेपरचंही तेच. माझ्या पहिल्या रायफलीत मी धातू काढून ठेवला आणि लाकूड एकट्यालाच घासत बसलो. इतकं गुळगुळीत झालं म्हणून खूश. धातू परत लावला तर दस्त्याच्या मागच्या टोकाच्या पट्टीची पितळी कड लाकडाबाहेर नखभर वर आली. नेहमी धातू जागेवर ठेवून दोन्ही एकत्र घासा आणि शेवटी लाकूड कागदाच्या जाडीएवढं वरच राहू द्या. तेल लावण्याआधी ओलं फडकं फिरवा. लाकडाची लव उभी राहील, वाळली की बारीक कागदाने उडवा, असं दोन-तीन वेळा. किटचं लाकूड साधं, रेषा नसलेलं असतं, त्यावर घट्ट रंग धब्बे पाडतो. स्पिरिटमधला पातळ रंग दोन हात द्या. वर जवसाचं उकळलेलं तेल, तळव्याने चोळून, रोज एक पातळ हात, आठवडाभर. तेलाची फडकी चुरगाळून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेटतात. बाहेर सपाट पसरून वाळवा. नळीला दुकानी काळ्या रंगाऐवजी मुद्दाम गंज धरवून तपकिरी करा, जास्त शोभते. आणि पितळ पितांबरीने लखलखीत करायचा मोह टाळा, शिकारीत ते आरशासारखं चमकतं.

दारूबद्दल. सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० असं प्रमाण शतकानुशतकं चालत आलेलं आहे. बिनधुराची आधुनिक दारू या नळीत चिमूटभरही नाही, कधीच नाही, नळी फुटते आणि हात जातो. टोपीच्या रायफलीला पायरोडेक्ससारखी पर्यायी दारूही चालते, चकमकीला मात्र खरी काळी दारूच लागते, कारण पर्यायी दारूला पेटायला जास्त उष्णता लागते. टोपीची घ्या म्हणण्यामागे हेही एक कारण आहे. २०२१ मध्ये लुइझियानातला गोएक्स या काळ्या दारूच्या कंपनीचा कारखाना बंद पडला होता तेव्हा खऱ्या दारूची अशी टंचाई झाली की लोक डबे लपवून ठेवत होते. पुढच्या वर्षी एस्टेस कंपनीने तो घेतला, तेव्हा जीव भांड्यात पडला. कुरिअरने मागवलीत तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क प्रत्येक पार्सलमागे लागतं, म्हणून क्लबातले चार जण मिळून मागवा. .५० ला .४९० ची शुद्ध शिशाची गोळी, भोवती पंधरा हजारांश इंच जाडीचं सुती फडकं, आणि सुरुवात ५० ग्रेनने. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे १४० बार. मग पाच-पाच ग्रेन वाढवत नेम कुठे जुळतो ते बघा, किटसोबतच्या पुस्तिकेतली मर्यादा न ओलांडता. दारू डब्यातून थेट नळीत कधी ओतायची नाही. आत एखादी ठिणगी जिवंत असेल तर डबाच हातात फुटेल. मापात घ्यायची, मापातून ओतायची. गोळी दारूवर घट्ट टेकली पाहिजे, मधे पोकळी राहता कामा नये. भरलेल्या स्थितीत गजावर तोंडाशी एक रेघ मारून ठेवा, म्हणजे दर वेळी कळतं.

कायद्याचं दोन ओळींत. १९६८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशी ठासणीची रायफल ‘अँटिक’ धरली जाते आणि किट टपालाने घरी येतं. पण राज्यं वेगळी. एडिसनमधल्या तुमच्या मित्राला हे वाचून ऑर्डर द्यायला लावू नका, न्यू जर्सी तिला बंदूकच मानतं आणि तिथे ओळखपत्र लागतं. व्हिसावर असाल तर वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका. आणि जोडलेली रायफल कौतुकाने गावी न्यायचा विचार मनातही आणू नका. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय ठासणीचीही चालत नाही, सुटे भागसुद्धा शस्त्रच धरले जातात.

घेण्याआधी शक्य असेल तर इंडियानातल्या फ्रेंडशिप गावी जाऊन या. ठासणीवाल्यांची राष्ट्रीय संघटना १९३३ पासूनची, तिचे मेळे तिथे जूनमध्ये आणि सप्टेंबरमध्ये भरतात. वीस रायफली खांद्याला लावून बघाल तेव्हा कळेल की तुमचा हात आखूड आहे की दस्ता लांब.

पहिला बार हातात धरून काढू नका. रायफल जुन्या टायरला बांधा, चापाला लांब दोरी लावा, झाडामागे उभे राहा आणि ओढा. असे तीन बार झाले की पाचर, स्क्रू, निपलचा तळ नीट तपासा. चौथा खांद्याला लावून. धूर निवळेपर्यंत गोळी लागली की नाही ते दिसत नाही, आणि वास थेट दिवाळीच्या पहाटेचा. घरी येऊन नळी बादलीत धुवा, कोरडी करा, तेलाची चिंधी फिरवा. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एक चिंधी घाला. ती तपकिरी निघाली तर कालचं धुणं अपुरं होतं, पुन्हा पाणी तापवा.